१९९४ ची टोयोटा पिकअप स्मॉग चाचणीत नापास, फक्त नॉक्स जास्त. काय करावं?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. मी कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला राहतो. माझ्याकडे १९९४ ची टोयोटा पिकअप आहे. २२-आरई इंजिन, चार सिलिंडर, पाच गिअर. २००६ साली शेजारच्या सुतारकाम करणाऱ्या आजोबांकडून घेतली, तेव्हापासून घरचीच झाली आहे. बागेचं खत, मंडळाच्या गणपतीचं मखर, मित्रांची घरं बदलणं, सगळं तिच्यावर झालं. थोरली मुलगी गाडी शिकली तीही हिच्यावरच.

इथे दर दोन वर्षांनी स्मॉग तपासणी, म्हणजे गाडीच्या धुराची तपासणी असते. या वेळी पहिल्यांदाच नापास झाली. कागदावरचे आकडे देतो (एचसी म्हणजे न जळलेलं इंधन, सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, एनओ म्हणजे नायट्रोजनचा ऑक्साइड, त्यालाच नॉक्स म्हणतात):

ताशी १५ मैल: एचसी ५८, सीओ ०.११, एनओ १३४२
ताशी २५ मैल: एचसी ४१, सीओ ०.०९, एनओ १११८

एचसी आणि सीओ मर्यादेच्या निम्म्याहून खाली आहेत. नॉक्स मात्र दोन्ही वेगांना मर्यादेच्या बराच वर. चेक इंजिनचा दिवा पेटत नाही. गाडी तेल खात नाही, धूर दिसत नाही, ॲव्हरेजही पूर्वीइतकंच. उन्हाळ्यात चढावर कधीकधी टकटक असा बारीक आवाज येतो, एवढंच.

एका गॅरेजवाल्याने गाडी न उघडताच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा सायलेन्सरच्या वाटेवरचा डबा) बदलायला सांगितलं आणि पंधराशे डॉलरचा आकडा दिला. दुसऱ्याने टाकीत ओतायची बाटली हातात ठेवली. माझे वडील कराडला मॅटाडोर टेम्पो चालवायचे. त्यांची पद्धत अशी की आधी उघडून बघायचं, मग सामान आणायचं. पण उघडायचं नेमकं काय, तेच मला कळत नाहीये.

गाडी कशीबशी पास करून घ्यायची असा माझा विचार नाही, हेही सांगून ठेवतो. आमचं खोरं म्हणजे परात आहे. पूर्वेला सिएरा नेवाडा, पश्चिमेला किनाऱ्याची डोंगररांग, हवा आत कोंडून राहते. धाकटीला दमा आहे. वाईट हवेच्या दिवशी शाळेत मुलांना मैदानावर सोडत नाहीत. माझ्या गाडीतून खरंच जास्त काही बाहेर पडत असेल तर ते थांबायलाच हवं.

बेएरियावासी

माझी जुनी होंडा अशीच अडकली होती. कन्व्हर्टर बदलला, पास झाली. तीस वर्षांची गाडी आहे, तिचा कन्व्हर्टर कधी ना कधी जाणारच. फार विचार करू नका, बदलून टाका.

साळुंकी

दादा, थांबा. सॅक्रामेंटोत सहा वर्षं मी तपासणीचंच काम केलंय आणि या इंजिनाच्या कितीतरी गाड्या रोलरवर चढवल्यात. कन्व्हर्टर मेलेला असता तर सहसा एचसी आणि सीओसुद्धा वर गेले असते. तुमचे ते दोन्ही छान आहेत. मिश्रण ठीक आहे, ठिणगी ठीक आहे. नुसता नॉक्स वर आणि चढावर टकटक, ही जोडी दिसली की मी सगळ्यात आधी ईजीआर, म्हणजे जळलेला वायू परत इंजिनात सोडणारी यंत्रणा बघते.

कारण समजलं की पुढचं सोपं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सिलिंडरमध्ये जळताना तापमान साधारण १,४०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना धरतात. तोच नॉक्स. म्हणजे पेट्रोल नीट जळतंय, पण फार तापून जळतंय. ईजीआरचा व्हॉल्व्ह जळून गेलेला थोडा वायू परत आत सोडतो. त्या वायूत जळण्यासारखं काही उरलेलं नसतं, तो नुसती जागा अडवतो आणि उष्णता शोषतो. जाळ थंड राहतो. ती वाट काजळीने बुजली की जाळ भडकतो, टकटक सुरू होते आणि नॉक्स चढतो.

तुमच्या वडिलांना आपली पीयूसी आठवत असेल. तिथे पेट्रोलची गाडी जागेवर उभी ठेवून सीओ आणि एचसी बघतात, नॉक्स मोजतच नाहीत. उभ्या गाडीत तो फारसा तयारही होत नाही, इंजिनावर भार आला की होतो. म्हणून इथे १९९९ पर्यंतच्या गाड्या रोलरवर चढवून, भार देऊन १५ आणि २५ मैलांवर तपासतात. आणि नॉक्सचा एवढा आग्रह का? तर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलटेकच्या आरी हेगन-स्मिट यांनी दाखवून दिलं की लॉस एंजेलिसचं धुरकं म्हणजे नुसता धूर नाही. हायड्रोकार्बन आणि नॉक्स यांच्यावर ऊन पडून ते हवेतच शिजतं. त्यातला ओझोन छातीला त्रास देतो. तुमच्या धाकटीच्या दम्याशी या आकड्याचा थेट संबंध आहे, त्यामुळे तुम्ही विचारताय ते अगदी बरोबर विचारताय.

आता हे करून बघा. हाताने दाबायचा व्हॅक्यूम पंप आणा, सुट्या भागांची काही दुकानं अनामत घेऊन तो वापरायला देतात. इंजिन पूर्ण गरम करा आणि न्यूट्रलमध्ये सावकाश चालू ठेवा. ईजीआर व्हॉल्व्हची नळी काढून तिथे पंप लावा आणि दाबा. इंजिन अडखळलं पाहिजे, बंद पडलं तर उत्तमच. पंपाचा काटा घसरत खाली आला तर व्हॉल्व्हचा पडदा फाटलाय. काटा जागेवर राहिला आणि तरी इंजिन ढिम्म, तर वाट बुजलीय.

मग मॉड्युलेटर, म्हणजे त्या व्हॉल्व्हचा व्हॅक्यूम कमीजास्त करणारा भाग बघा. चपट्या गोल डबीसारखा असतो, वरचं झाकण निघतं, आत बारीक गाळणी असते. ती मळली तरी व्हॉल्व्ह नीट उघडत नाही. नळ्या कुठून कुठे जातात ते बॉनेटखालच्या स्टिकरवर काढलेलं आहे. एकेक नळी वाकवून बघा, तडे असतील तर बदला.

आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ कोणी पुढे केलीय का? या इंजिनाला टीई१ आणि ई१ या पिना तारेने जोडून ५ अंशांवर लावायचं असतं. तार न जोडता बघितलंत तर चुकीचा आकडा दिसेल.

कोयनाकाठ

साळुंकीताई, मनापासून आभार. इतकं उलगडून कोणी सांगितलंच नव्हतं.

आज संध्याकाळी पंप लावला. काटा जागेवर राहिला, म्हणजे पडदा शाबूत. इंजिनाचा आवाज किंचित जड झाला, पण अडखळलं नाही. टायमिंग लाइटने बघितलं तर ८ अंश. चार वर्षांपूर्वी डिस्ट्रिब्यूटर काढला होता, तेव्हाच सरकलं असणार. शनिवारी व्हॉल्व्ह काढतो.

साळुंकी

किंचित फरक पडला म्हणजे वाट पूर्ण बंद नाही, अरुंद झालीय. दिवा का पेटला नाही तेही मग जुळतं. काढताना बॅटरीची ऋण तार आधी सोडा. नवं गॅस्केट आणून ठेवा. आणि एक चूक कृपा करून करू नका: खरवडलेली काजळी इंजिनात पडू देऊ नका. आतल्या बाजूला फडक्याचा बोळा घाला, व्हॅक्यूम क्लीनरची नळी शेजारी चालू ठेवा. नुसता व्हॉल्व्ह धुऊन बसवणारे बरेच भेटतात. खरी काजळी पुढे प्लेनममधल्या (इंजिनात हवा वाटून देणाऱ्या पोकळ भागातल्या) भोकात असते.

सांजवेळ

दुरुस्तीत मला गती नाही, पण कागदपत्रांत दोनदा पोळलोय म्हणून लिहितो. डीएमव्हीची (इथल्या आरटीओची) नोंदणी फी मुदतीत भरून टाका, स्मॉग झालेलं नसलं तरी. स्टिकर येणार नाही, पण उशिराचा दंडही लागणार नाही. मुदत संपत आली असेल तर तात्पुरत्या परवान्याचं विचारा.

उद्या कन्व्हर्टर घ्यावाच लागला तर त्यावर कॅलिफोर्नियाच्या एआरबीचा (हवेचे नियम करणाऱ्या मंडळाचा) ईओ, म्हणजे मंजुरीचा क्रमांक हवा, आणि तो तुमच्याच वर्षाच्या, तुमच्याच इंजिनाच्या गाडीला लागू असायला हवा. दुसऱ्या राज्यातून स्वस्तातला मागवला तर बाकी सगळं नीट असूनही नजरेच्या तपासणीत नापास करतात. माझे पैसे असेच गेले.

उत्पन्न कमी असणाऱ्यांना ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरच्या सीएपी योजनेतून दुरुस्तीसाठी मदत मिळते. अर्ज मंजूर होण्याआधी काम करून घेतलं तर ते पैसे परत मिळत नाहीत, हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला लागू असेल तर ध्यानात ठेवा.

बेएरियावासी

ईजीआरचं मला माहीत नव्हतं. माझ्या होंडाचे तिन्ही आकडे वर होते, आता कागद काढून बघितला. कोयनाकाठ, माझा सल्ला तुमच्या गाडीला लागू नव्हता.

कोयनाकाठ

मंडळी, झालं. सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

शनिवारी सकाळी सातला बसलो ते दुपारी दोनला उठलो. व्हॉल्व्ह इंजिनाच्या मागच्या अंगाला, फायरवॉलला चिकटून आहे. तिथे हात जातो पण पाना फिरत नाही. एका नटाने दीड तास घेतला. रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवायला हवं होतं. शेवटी लांब एक्स्टेन्शनला सांधा लावून तो सुटला.

व्हॉल्व्ह स्वतः फार वाईट नव्हता. पण ताई म्हणाल्या तसं प्लेनममधलं भोक! करंगळी जावी एवढी वाट, तिच्यात पेन्सिलही जाईना. काजळी ओल्या डांबरासारखी नाही, विटेसारखी कडक. जुन्या स्क्रू ड्रायव्हरने आणि जाड तारेने थोडी थोडी टोकरून काढली. धाकटी दुरून व्हॅक्यूमची नळी धरायला मागत होती, तिला मास्क देऊनही जवळ येऊ दिलं नाही. मॉड्युलेटरची गाळणी पूर्ण काळी होती. दोन नळ्यांना टोकाशी तडे होते, त्या बदलल्या. टायमिंग ५ अंशांवर आणलं.

सगळं बसवून पुन्हा पंप लावला. अर्धा दाबतोय तोच इंजिन थरथरलं आणि बंद पडलं. इंजिन बंद पडल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. वडिलांना तिकडे पहाटे फोन केला. ते म्हणाले, "भोक किती मोठं होतं ते सांग," आणि मग अर्धा तास तेवढ्यावरच बोलत बसले.

सोमवारी वीस मिनिटं हायवेवर चालवून, गरम इंजिनानिशी थेट रोलरवर नेली. आधी नुसती प्री-टेस्ट करून घेतली, मग खरी. खऱ्या चाचणीचे आकडे:

ताशी १५ मैल: एचसी ५५, सीओ ०.१२, एनओ ५१२
ताशी २५ मैल: एचसी ४३, सीओ ०.१०, एनओ ४३०

पास. कन्व्हर्टर जुनाच आहे. गॅस्केट, नळ्या आणि क्लीनरचा डबा मिळून चाळीस डॉलरच्या आत भागलं, तपासणीची फी वेगळी. चढावरची टकटकही गेली.

ताई, एकच शेवटचं विचारतो. ही काजळी पुन्हा इतकी साचायला किती वर्षं लागतील? पुढच्या तपासणीआधी उघडून बघू का?

साळुंकी

पास झाल्याचं वाचून फार बरं वाटलं दादा. दरवेळी उघडायची गरज नाही. वर्षातून एकदा पंप लावून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. इंजिन बंद पडतंय तोवर हात लावू नका. मॉड्युलेटरची गाळणी मात्र तेल बदलताना काढून हवेने फुंकत जा. फ्रेस्नोत धूळ फार आहे.