मदत हवी आहे: चार महिन्यांच्या नातीकडून आजीला वाढदिवसाची भेट काय द्यावी?

नवीआई_डोंबिवली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलीला परवा चार महिने झाले. माझ्या सासूबाईंची ही पहिली नात. त्यांचा वाढदिवस तीन आठवड्यांवर आलाय आणि नवऱ्याचं म्हणणं, यंदाची भेट आपण नाही, बाळाने द्यायची. कल्पना त्याची, निस्तरायचं मी. नेहमीचंच.

आधी वाढदिवसाची गंमत सांगते. आधार कार्डावर त्यांची जन्मतारीख १ जून. सासऱ्यांचीही १ जून, मोठ्या काकांचीही १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहून टाकलेली. पण सासूबाईंना त्यांच्या आईने सांगितलं होतं की तू नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीची, तेव्हा आम्ही तो दिवस धरतो. वय त्रेसष्ट की चौसष्ट यावर घरात एकमत नाही.

त्या गावी असतात, चिपळूणहून गुहागरकडे जाताना आत. घराला मागे छोटंसं आगर आहे, दहा-बारा माड, थोड्या पोफळी. वस्तूंचा सोस अजिबात नाही. आम्ही दिलेल्या तीन साड्या अजून दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीत कपाटात आहेत. दिराने मनगटावरचं स्मार्ट घड्याळ दिलं, ते देव्हाऱ्याच्या फळीवर असतं. "आहे ते सरत नाही, आणखी कशाला?" हे ठरलेलं वाक्य. डिजिटल फोटो फ्रेमचा विचार केला होता, पण घरात वायफाय नाही आणि फोनला रेंज पडवीच्या एकाच खांबापाशी येते.

आता खरी अडचण. बाळंतपण माझ्या माहेरी झालं. आईने तीन महिने सगळं केलं. सासूबाईंनी बाळाला दोनदाच पाहिलंय: दवाखान्यात एक दिवस आणि बारशाला दोन दिवस. बारशाला पन्नास माणसं, बाळ या हातातून त्या हातात. त्यांच्या वाट्याला किती आलं असेल तुम्हीच समजा. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. सहा दुपटी, कुंची आणि अळिवाचे लाडू देऊन परत गेल्या. फोनवर विचारतात, "आंघोळ कोण घालतं आता?" मी सांगते, मीच. "बरं," म्हणतात.

बजेट तीन हजारांपर्यंत. सुनेने आणलेली वस्तू वाटू नये, नातीने दिल्यासारखी वाटावी. सुचवा प्लीज.

पेठेतला

अर्धा ग्रॅम सोन्याचं वळं. विषय संपला. सोनं कोणी देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवत नाही.

गाजरहलवा

काका, तीन हजारांत अर्धा ग्रॅम? कुठल्या सालात राहता?

पेठेतला

बजेट वाचायचं राहिलं. मग चांदीचं छोटं निरांजन घ्या. तेही प्लास्टिकच्या पिशवीत जाईल, पण निदान काळं पडेल तेव्हा घासायला तरी बाहेर काढतील.

टाकेवाली

पावलाचा ठसा घ्या. थांबा, "ते सगळेच करतात" म्हणण्याआधी पुढचं वाचा.

सगळे करतात ते कागदावर आणि रंगाने. बाजारचं कुंकू किंवा रंग इतक्या लहान बाळाच्या कातडीला लावू नका. घरच्या हळदीचं दाटसर पाणी करा. हाताचा ठसा या वयात विसराच, मूठ उघडत नाहीत आणि उघडली की थेट तोंडात. पाऊल सोपं. दूध पिऊन गाढ झोपली की कापड पुठ्ठ्यावर ताणून घ्या आणि कापड पावलाला लावा, पाऊल कापडावर ठेवू नका. पाऊल कापडाकडे न्यायला गेलात की बाळ बोटं आखडून घेतं आणि ठशाच्या जागी बटाटा उमटतो. पाच-सहा घ्या, एखादा बरा येतो.

मग पेन्सिलीने कडेने आखून त्यावर साखळी टाका घाला. दोन पदरी दोरा पुरे. हळद उन्हात विटते, त्यामुळे दोन-तीनदा धुऊन वाळवलं की पिवळा डाग बराचसा जातो आणि टाका राहतो. धुताना साबण लागला की हळद लाल होईल, घाबरू नका.

कापड कुठलं? नवं मांजरपाट घेतलंत तर आधी धुऊन खळ घालवावी लागेल. पण सासूबाईंनी सहा दुपटी पाठवलीत ना? ती नक्की त्यांच्याच जुन्या लुगड्याची असणार. त्यातलंच एक घ्या. त्यांचंच कापड, नातीचं पाऊल घेऊन त्यांच्याकडे परत.

नवीआई_डोंबिवली

टाकेवालीताई, हे फारच आवडलं! हो, लुगड्याचीच आहेत, एक जांभळं आहे त्यावर पांढरा दोरा खुलेल. फक्त मला भरतकामातलं शाळेतलं तेवढंच येतं.

टाकेवाली

जांभळ्यावर हळद दिसायची नाही. फिकं दुपटं बघा. साखळी टाका शाळेतलाच आहे.

खारेवारे

मी गुहागर बाजूचाच. आगर असलेल्या बाईला भेट द्यायची तर माडाचं रोप द्या, बाळाच्या नावाचं. आमच्याकडे पोर झालं की माड लावायची पद्धत होती. माझा अजून उभा आहे, माझ्यापेक्षा तब्येतीने बरा.

बाणवली घ्या, म्हणजे उंच वाढणारी जात. फळायला सहा-सात वर्षं लागतात, पण पुढे ऐंशी वर्षं बघायला नको. ठेंगणे माड लवकर धरतात, तीन-चार वर्षांत, पण ते तेवढे टिकत नाहीत. नात पहिली-दुसरीत जाईल तेव्हा तिच्या माडाचा पहिला नारळ. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे, बाणवलीतून निवडलेली 'प्रताप' जात तिथलीच. रोपांची चौकशी तिथे करा. खड्डा मीटरभर लांब, रुंद आणि खोल. दोन माडांत पंचवीस फूट सोडा, नाहीतर दोघंही उन्हासाठी वाकडे होतात. पाणी साचणारी जागा असेल तर मुसळधार पाऊस ओसरल्यावर, भाद्रपदाकडे लावा. आणि गेंड्या भुंग्यावर लक्ष ठेवायला सांगा, कोवळा कोंब पोखरतो. अर्थात हे तुमच्या सासूबाईंना मी काय सांगणार.

गाजरहलवा

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जन्मलेल्या बाईला नारळ. गुरुजी असते तर याचीही तारीख १ जून लावली असती.

चार_नातवंडांची

अगं नवीआई, मी तुझ्या सासूबाईंच्याच वयाची असेन, म्हणून अगं-तुगं करते.

ठसा छान, माड छान. पण तू तुझा प्रश्न पुन्हा एकदा वाच. "आंघोळ कोण घालतं आता?" हे त्यांनी तुला किती वेळा विचारलं?

मला पहिली नात झाली तेव्हा लेकीचं बाळंतपण माझ्याकडे होतं, मी हात धुऊन घेतले. दुसऱ्या वेळी मुलाला मुलगा झाला, सून माहेरी. मी बघायला गेले, खुर्चीवर बसले, चहा घेतला, बाळ मांडीवर दिलं, रडलं म्हणून परत घेतलं. घरी येताना गाडीत मी पर्समधला रुमाल काढला होता, एवढंच सांगते. विहीणबाई फार चांगल्या होत्या. त्यांची काहीच चूक नव्हती.

बाळाच्या हातून खरंच काही द्यायचं असेल तर बाळच दे. चार दिवस जा, बाळाला त्यांच्या पायावर टाक आणि तू आत जाऊन झोप. तेल त्यांनी लावायचं, पाणी त्यांनी काढायचं. तू मधे मधे येऊन "आई, पाणी गरम नाही ना?" विचारलंस तर सगळं फुकट.

पेठेतला

+१. आणि हे तीन हजारांत बसतं.

नवीआई_डोंबिवली

आजी, तुमचा प्रतिसाद रात्री दोनला फीडिंग करताना वाचला. उत्तर द्यायला आज जमलं. मोजलं नव्हतं, पण जवळजवळ प्रत्येक फोनवर विचारतात.

जायला हवं हे कळतंय. पण पावसाचे दिवस, इतकं लहान बाळ. माझी रजा २६ आठवड्यांची, त्यातले दोन बाळंतपणाआधीच गेले. म्हणजे बाळ साडेपाच महिन्यांचं होईपर्यंतच मी घरी. एकदा ऑफिस सुरू झालं की गणपतीशिवाय जाणं होणार नाही, आणि गणपतीत पुन्हा पन्नास माणसं.

दुसरं म्हणजे धुरी. त्यांच्याकडे आंघोळीनंतर शेगडीवर ओवा-वेखंडाची धुरी देतात. आमच्या डॉक्टरांनी धूर, काजळ आणि नाकात-कानात तेल या तिन्हींना सक्त नाही सांगितलंय. हे मी त्यांना कसं सांगू? चार दिवसांसाठी जायचं आणि पहिल्याच दिवशी "हे नको, ते नको"?

चार_नातवंडांची

तू सांगूच नकोस. नवऱ्याला सांग, त्याने आईला आधीच, फोनवर सांगायचं. ऐनवेळी पाटावर बसल्यावर नाही. आणि नुसतं "नको" नाही, "डॉक्टरांनी सांगितलंय" असं. आमच्या पिढीत नवऱ्याचं ऐकत नसू पण डॉक्टरांचं ऐकतो. काजळाऐवजी तीट तळपायाला लावा, डोळ्यांत जात नाही आणि आजीलाही समाधान.

टाकेवाली

तळपायाची तीट ठशाआधी पुसा म्हणजे झालं.

सुरंगी

तिथेच उष्टावणही उरकून घ्या ना. मुलींचं पाचव्या महिन्यात करतात.

नवीआई_डोंबिवली

नाही हो, सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त दूध. आणि उष्टावणाला मामा हवा, माझा भाऊ रुसेल.

खारेवारे

प्रवासाचं: लहान बाळाला घेऊन रस्त्याने जाऊ नका. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी इथे काही लिहीत नाही, धागा शंभरी गाठेल आणि भेटवस्तू बाजूला राहील. ठाण्याहून दिवसाची गाडी घ्या, चिपळूणला उतरा, पुढे ओळखीची रिक्षा किंवा गाडी सांगून ठेवा. पावसाळी वेळापत्रकात गाडी सावकाश धावते, तासभर जास्त धरा. आणि मच्छरदाणी न्या. आगर म्हणजे डास आलेच.

नवीआई_डोंबिवली

डॉक्टरांना विचारलं. चौदाव्या आठवड्याच्या लसी झाल्यात, पुढची थेट नवव्या महिन्यात. जायला हरकत नाही म्हणाले. तिकिटं काढली! ठशाचे आतापर्यंत चार बटाटे झालेत.

---

नवीआई_डोंबिवली (महिन्याभराने)

उशिरा कळवतेय, माफी असावी. बरेच जण विचारत होते.

ठसा अकराव्या प्रयत्नात आला. साखळी टाका रात्री-रात्री बसून घातला. अंगठ्याजवळ दोरा जरा फुगलाय, गाजरहलवा यांना फोटोत सहा बोटं दिसतील, पाचच आहेत. वाढदिवसाला सकाळी बाळाच्या मुठीत दुपट्याचं टोक अडकवून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी दुपटं हातात घेतलं आणि काय केलं असेल? उलटं करून मागची बाजू बघितली. "गाठी मारल्यास होय? गाठी मारायच्या नसतात, दोरा टाक्याखालून फिरवायचा." मग पुन्हा सुलटं करून बराच वेळ बघत होत्या. टाकेवालीताई, मागच्या बाजूबद्दल तुम्ही बोलला नव्हतात!

दुपटं आता कपाटात आहे. साड्यांच्या पिशवीत. पेठेतले काका, तुम्ही जिंकलात.

माडाचं रोप न्यायचं आम्ही ठरवलं होतं, पण नवऱ्याने फोनवर सहज विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "विकत कशाला? विहिरीजवळ रुजत घातलेले चार आहेत. त्यातला तिचा कुठला ते मी बारशाहून आल्यावरच ठरवलंय." पाऊस ओसरला की लावायचा. खड्डा खणायचं काम नवऱ्याकडे आलं. त्याने गुडघाभर खणून "मीटर झाला" जाहीर केलं, त्यावर सासऱ्यांनी दांडा आणून मोजला.

आणि आंघोळ. नवऱ्याने धुरीचं आधी सांगितलं होतं. सासूबाई फक्त "बरं" म्हणाल्या, शेगडी पेटवलीच नाही. पहिल्या दिवशी बाळ इतकं रडलं की मी दोनदा उठून दारापर्यंत गेले आणि दोनदा परत आले. (आजी, दोनदाच.) दुसऱ्या दिवशी कमी. तिसऱ्या दिवशी रडण्याचा आवाज येईना म्हणून मी दचकून उठले. तर त्यांच्या लांब केलेल्या पायांवर पालथी पडून ही बया पाण्याच्या धारेकडे टक लावून बघत होती, आणि त्या तिला गावातल्या कुणाच्या तरी म्हशीची हकिकत सांगत होत्या. मला बघून म्हणाल्या, "तू नीज जा." मी गेले. चार महिन्यांत पहिल्यांदा दोन तास सलग झोपले.

चारऐवजी नऊ दिवस राहिलो.

आता पुढचं. नवऱ्याने आंघोळीचा आणि दुपट्याचा फोटो स्टेटसला ठेवला होता. माझ्या आईचा फोन आला. "दुपटं बघितलं. छान आहे." एवढंच. तिचा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे, खऱ्या तारखेचा. तिच्याकडे बाळ तीन महिने होतं, आंघोळी सगळ्या तिनेच घातल्यात, आगर नाही, बिल्डिंगचा तिसरा मजला. सुचवा. इथेच लिहू की नवीन धागा काढू?

गाजरहलवा

इथेच लिहा. आणि या वेळी दोरा टाक्याखालून फिरवा.