मदत हवी आहे: ड्रिप कंट्रोलरचं फर्मवेअर ओपन सोर्स, तरी अपडेटला दरवर्षी पैसे?

बागायतदार_तासगाव
नमस्कार मंडळी. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय, जरा लवकर सांगा. लाईट जाऊन आली की ड्रिपचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडणारा कंट्रोलर वेळ विसरतो. मोटर ऑटोवर चालू होते आणि व्हॉल्व्ह एकही उघडत नाही. काल रात्री त्या दाबाने मेनलाईनचा जोड निसटला. विकणारा म्हणतो, फर्मवेअरच्या, म्हणजे कंट्रोलरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या, नव्या अपडेटमध्ये हे दुरुस्त केलंय, पण वर्षाला अडीच हजार भरा. घेताना म्हणाला होता, ओपन सोर्स आहे, अपडेट कायम फुकट. मग हे पैसे कशाचे? आणि ते आम्हीच का द्यायचे? गावात आणखी काहीजणांनी माझं बघून हाच घेतलाय, सगळे मलाच विचारतायत.

मिरज_रिपेअर
कंट्रोलर कुठला? चिप कुठली? फर्मवेअरचं नाव काय? लाईट आल्यावर स्क्रीनवर वेळ काय दिसते?

बागायतदार_तासगाव
सकाळचे साडेपाच, 1970 साल. हिरवा बोर्ड, रिले आहेत. बाकी काय माहीत नाही. पैशाचं सांगा की.

मिरज_रिपेअर
वेळेतच सगळं कळलं. बोर्डावर सेलवालं घड्याळ नाही, नाहीतर सेल संपलाय. चिप 1 जानेवारी 1970 च्या ग्रीनविचच्या मध्यरात्रीपासून मोजते, आपल्याकडे ते साडेपाच होतात. नेट येईपर्यंत ती तिथनंच पुढं मोजत राहते. डीएस3231 घड्याळाचं मॉड्यूल नाण्याच्या सेलसकट स्वस्तात मिळतं. मात्र ते वाचायची सोय फर्मवेअरमध्ये हवी.

कृष्णाकाठ
दादा, कंट्रोलर काढून ठेवा आणि साधा मोबाईल स्टार्टर बसवा. आमच्या उसाला तोच आहे, रात्रीच्या लाईटला घरातनं मोटर चालू करतो. आणि छाटणीनंतर पाऊस लागला तर डावण्या रोगाकडं लक्ष ठेवा, पोंगा अवस्थेतच, कोवळी फूट निघताना, घात होतो.

बागायतदार_तासगाव
उसाला एकच पाणी सोडायचं असतं ओ. माझे प्लॉट वेगळे, प्रत्येकाला वेळ वेगळी, खत ड्रिपमधनं. स्टार्टर आहेच, व्हॉल्व्ह कोण फिरवणार?

लिनक्स_सातारा
पैशाचं सांगतो. ओपन सोर्स म्हणजे कोड बघायचा, बदलायचा, वाटायचा हक्क. आयुष्यभर कुणी फुकट राबेल असं कुठल्याच लायसन्समध्ये लिहिलेलं नाही. आणि काम कधी संपत नाही. 30 सप्टेंबर 2021 ला एक जुनं रूट सर्टिफिकेट, म्हणजे समोरचा सर्व्हर खरा आहे हे ओळखायचा मूळ दाखला, संपलं आणि कितीतरी जुन्या उपकरणांचं सर्व्हरशी बोलणं बंद पडलं. त्यांच्या मालकांनी काहीच बिघडवलं नव्हतं. तुमची चिप ईएसपी32 ही वायफायवाली असेल तर तिच्या कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरची एकेक आवृत्ती 30 महिने सांभाळली जाते, मग फर्मवेअर नव्यावर न्यावंच लागतं. तेवढं काम करणाऱ्याला अडीच हजार जास्त नाहीत.

विटा_ठिबक
जास्तच आहेत. विक्रेत्याने किंमत लावतानाच पुढच्या वर्षांचा खर्च धरायला हवा होता. युरोपात 2024 मध्ये कायदा आलाय, मुख्य अटी डिसेंबर 2027 पासून. उपकरण विकणाऱ्याने साधारण किमान 5 वर्षं सुरक्षेचे अपडेट द्यायचेच. द्राक्ष तिकडं पाठवताना त्यांचे औषधांचे नियम आपण पाळतो, मग हा नियम आपल्याला का नको?

लिनक्स_सातारा
तो कायदा तासगावात लागू नाही. शिवाय विक्रेता उद्या धंदा बंद करून गेला तर कुणाकडं मागणार? त्यापेक्षा राउटरचं ओपन सोर्स फर्मवेअर बनवणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाने 2024 मध्ये स्वतःचा राउटर काढला ते बघा. 89 डॉलरचं यंत्र, प्रत्येक विक्रीमागे 10 डॉलर थेट प्रकल्पाच्या निधीला. घेणाऱ्याने एकदाच दिले, आणि ते कोड लिहिणाऱ्यांच्या कामी आले. तुमच्या अडीच हजारातलं मूळ फर्मवेअर लिहिणाऱ्यांना काय जातं, ते विचारा आधी.

बागायतदार_तासगाव
विचारलं. काही जात नाही म्हणाला. बरं, भाच्याने त्याच कोडमधून फाईल तयार करून टाकून बघितली, बोर्ड घेत नाही. विक्रेता म्हणतो, आमची डिजिटल सही असलेलीच फाईल चालते.

मिरज_रिपेअर
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं! म्हणजे सिक्युअर बूट चालू केलंय, कंपनीच्या सहीशिवाय दुसरं फर्मवेअर चालू न देणारं कुलूप. चिपच्या आतले फ्यूज एकदा जाळले की परत जोडता येत नाहीत.

लिनक्स_सातारा
मग माझं मत बदललं. फर्मवेअरचं लायसन्स काय लिहिलंय?

बागायतदार_तासगाव
माहितीच्या पानावर जीपीएल 3 असं ओपन सोर्स लायसन्स दिसतंय.

लिनक्स_सातारा
2007 च्या या तिसऱ्या आवृत्तीत असल्या कुलपासाठीच कलम आहे. घरगुती वापराची वस्तू विकली तर बदललेलं फर्मवेअर तिच्यात टाकायला लागणारी माहिती, सही करायची डिजिटल किल्लीसुद्धा, द्यावी लागते. ड्रिप कंट्रोलर त्यात बसतो का, यावर भांडता येईल, कारण तो शेतीच्या धंद्याचा. कोड मागायचा हक्क मात्र नक्की आहे.

विटा_ठिबक
सगळ्या बोर्डांना एकच किल्ली असेल आणि ती गावभर झाली, तर कुणीही कुणाच्याही बोर्डात काहीही घालेल. त्याने किल्ली देऊ नये. तुम्ही दिलेल्या फाईलवर सही करून द्यावी.

लिनक्स_सातारा
आणि सही करायला नाही म्हणाला तर? माझं स्पष्ट म्हणणं आहे, कुलूप ज्याने लावलं त्यानेच अपडेटचा खर्च सोसावा. दुसऱ्याकडून काम करून घ्यायची वाटच बंद केल्यावर वर्षाला पैसे मागणं म्हणजे अडवणूक. कुलूप काढलं की मात्र शेतकऱ्यांनी हात आखडू नये. सगळ्यांनी वर्गणी काढावी, थोडी जवळच्या जाणकाराला, थोडी मूळ प्रकल्पाला.

कृष्णाकाठ
वर्गणीचं खरंय, पण गोळा कोण करणार? आमच्याकडं सामाईक डीपीच्या दुरुस्तीला पैसे निघेनात.

बागायतदार_तासगाव
ते मी करतो. घेणारे सगळे मिळून सह्या करून लेखी मागतोय: पूर्ण कोड द्या आणि आमच्या फाईलवर सही करा, नाहीतर अपडेट फुकट द्या. वर्गणीला सगळे तयार आहेत, कुलपाला एकही नाही. पण छाटणी थांबणार नाही, तोवर काय करू?

मिरज_रिपेअर
लाईट आल्याआल्या नेट मिळेल असं करा. राउटर शेडमध्ये असेल तर त्याला छोटा बॅटरी बॅकअप लावा, वेळ आपोआप येईल. मोटर ऑटोवरून काढा, जादा दाब सोडणारा प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह आहे का बघा. विक्रेता ऐकेना तर ईएसपीचं मॉड्यूलच बदलू, नव्याला कुलूप नसतं, काही शे रुपयांत होतं. रिलेची वायरिंग तीच राहील. बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो टाका, धातूच्या टोपीवरचं नाव वाचता आलं पाहिजे.

बागायतदार_तासगाव
आज रात्रीची लाईट आहे, उद्या सकाळी पेटी उघडून टाकतो.