‘निखर माहिती’ म्हणावे की नेमकी माहिती?

प्रश्न (खानापूर)
आमच्याकडे कन्नड अर्जांचे मराठीकरण करताना ‘निखर’ हा शब्द जसाच्या तसा ठेवण्याची पद्धत पडली आहे. नुकत्याच हाती आलेल्या एका अर्जावर ‘जमिनीची निखर माहिती द्यावी’ असे छापलेले होते. कन्नडमध्ये त्याचा अर्थ स्पष्ट असला, तरी मराठी वाचकाला निखळ किंवा निखारा आठवतो. येथे नेमकी, अचूक, काटेकोर, तंतोतंत यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल?

उत्तर (निपाणी)
चारही शब्द शेतजमिनीच्या एकाच व्यवहारात वापरून पाहावेत. हद्द नेमकी कोठून जाते ते विचारायचे, मोजणी काटेकोर करायची, दोन एकर सतरा गुंठे हा आकडा अचूक लिहायचा आणि नक्कल मूळ उताऱ्याशी तंतोतंत जुळते का ते पाहायचे. तंतोतंत म्हणायला दोन वस्तू समोर लागतात. काटेकोरपणा करणाऱ्याच्या वागण्यात असतो. अचूक म्हणजे केवळ चूक नसलेले. नेमका मात्र अनेकांतून एकावर बोट ठेवतो. म्हणूनच ‘नेमकी चूक दाखवा’ असे म्हणता येते, ‘अचूक चूक दाखवा’ असे म्हटले तर लोक हसतील. अर्जावर ‘अचूक माहिती’ लिहावे, कारण तेथे कार्यालयाला खोट्या किंवा चुकलेल्या आकड्यांची भीती असते.

उत्तर (बेळगाव, शहापूर)
वरील विवेचन पटले. तरी ‘नेमका’ एवढ्यावर संपत नाही. ‘नेम’ हा ‘नियम’चाच तद्भव आहे, आणि ‘पावसाचा काही नेम नाही’ म्हणताना आपण तोच अर्थ घेतो. गंमत अशी, की ज्या पावसाला नेम नाही, तोच ‘कापणीच्या दिवशी नेमका आला’ असे आपण तक्रारीच्या सुरात म्हणतो. तेथे मोजमापाचा संबंध नसतो, नको त्या वेळी घडल्याचा वैताग असतो. ‘अचूक आला’ म्हटले, तर तो वैताग नाहीसा होऊन उलट पावसाचे कौतुक केल्यासारखे वाटते. शिवाय हा शब्द लिंगवचनाप्रमाणे बदलतो: नेमका पाऊस आला, नेमकी बस चुकली, नेमके पाहुणे आले. बाकीचे तिन्ही शब्द तसेच राहतात.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. अर्जाच्या मसुद्यात ‘अचूक’ घातले आहे. हद्दीच्या रकान्यात मात्र ‘नेमकी’ ठेवतो.