गेट ॲपमध्ये मावशींच्या नावापुढे ‘चोरी’ची लाल खूण: हे फीचर करावं का?

वारजे_बॅकएंड

मंडळी, सल्ला हवाय, आणि जरा घाईने हवाय, कारण पुढच्या स्प्रिंटमध्ये (म्हणजे कामाच्या पुढच्या छोट्या टप्प्यात) हे काम माझ्याच गळ्यात पडणार आहे.

मी बाणेरच्या एका छोट्या कंपनीत बॅकएंड, म्हणजे ॲपची पडद्यामागची बाजू बघते. आम्ही हाउसिंग सोसायट्यांच्या गेटसाठी ॲप करतो. पाहुणा आला की फ्लॅटमध्ये फोन, डिलिव्हरीवाल्याला ओटीपी आणि घरकामाच्या मावशी, ड्रायव्हर, गाड्या पुसणारे या सगळ्यांची हजेरी. मावशी गेटवरच्या टॅबसमोर उभ्या राहतात, चेहरा जुळला की फ्लॅटवाल्या मॅडमना मेसेज जातो, ‘आल्या’. बाणेर, बालेवाडी, वाकड भागात आमचं बरं चाललंय.

आता नवं फीचर. मावशींना कामावरून काढताना फ्लॅटवाल्यांनी यादीतून कारण निवडायचं: वारंवार दांड्या, उद्धट बोलणं, कामात हयगय, चोरी. ‘चोरी’वर बोट ठेवलं की त्यांच्या नावापुढे लाल खूण, आणि ती आमच्याकडच्या सगळ्या सोसायट्यांच्या गेटवर दिसणार. पोलिसात तक्रार असायची अट नाही. खूण काढायची सोय अख्ख्या डॉक्युमेंटमध्ये कुठेच नाही. मीटिंगमध्ये विचारलं, ‘मावशींना कळणार कसं?’ तर उत्तर आलं, ‘गेटवर अडवलं की कळेलच!’ सगळे हसले. हसणाऱ्यांत दुष्ट माणूस एकही नव्हता, हे मुद्दाम सांगते. त्यातल्या एकाने लॉकडाउनमध्ये वॉचमनच्या मुलांना रोज डबा पोचवलाय.

आणि मागणीही खोटी नाही. कमिट्यांनीच मागितलंय हे. निम्म्या फ्लॅटमध्ये सत्तरीचे आजी-आजोबा एकटे, मुलं बाहेरदेशी, दिवसभर घरात येणारं एकमेव माणूस म्हणजे मावशी. त्यांची भीती मला कळते.

मी अडलेय ते डेटाबेसमधल्या टेबलपाशी. ही खूण ज्या टेबलमध्ये साठणार त्यात तीन कॉलम आहेत: कोणावर, कधी, कारण काय. खूण कोणी लावली, हा कॉलमच नाही. का, तर ‘फ्लॅटधारकाची प्रायव्हसी’. हे वाचल्यापासून झोप लागत नाहीये म्हणणं जास्त होईल, पण जेवताना आठवतंच.

फाउंडर ऐकून घेणारा माणूस आहे, फक्त ‘नैतिक’ हा शब्द आला की तो घड्याळ बघायला लागतो. नोकरी सोडायची नाहीये, घराचे हप्ते आहेत. ‘मी करणार नाही’ म्हटलं तर शेजारचा दोन दिवसांत करून देईल. तर त्याच्यापुढे मांडू काय?

भोसरी_क्वालिटी (निवृत्त)

ताई, तुमच्या फाउंडरला नीतिशास्त्र नको असेल तर एफएमईए द्या, म्हणजे काय कसं बिघडेल आणि त्याचा परिणाम काय याचा कारखान्यातला तक्ता. आम्ही ब्रेकचे पार्ट करायचो. पार्ट नापास कसा होऊ शकतो याची यादी करून प्रत्येकाला तीन आकडे द्यायचे, १ ते १०: बिघडलं तर किती वाईट, किती वेळा बिघडेल, आणि बिघडल्याचं आपल्याला कळेल का. तिन्हींचा गुणाकार. कळण्याची शक्यता जितकी कमी तितका तिसरा आकडा मोठा. एफएमईएच्या २०१९ च्या नव्या हँडबुकात गुणाकार काढून प्राधान्याचे तक्ते आलेत, पण माझ्या मते समोरच्याला हादरवायला जुनी पद्धतच बरी.

आता ‘निर्दोष बाईवर खूण’ हा बिघाड लिहा. परिणाम: सगळी कामं सुटली, ९ धरा. किती वेळा: माहिती नाही, ३ धरा, भांडू नका. कळेल का: तक्रार करायला जागाच नाही, म्हणजे कंपनीला कधीच कळणार नाही, सरळ १०. झाले २७०. आमच्याकडे शंभराच्या वर गेलं की लाइन सुरू करायला साहेब सही देत नसे.

आणि ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं प्रकरण त्याला वाचायला लावा. १९९९ पासून तिथल्या शाखांमध्ये होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली बसवली, फुजित्सूने केलेली. सॉफ्टवेअरमधल्या चुकांमुळे हिशेबात तूट दिसायची. तूट दिसली म्हणजे शाखा चालवणाऱ्यानेच पैसे खाल्ले, असं धरून खटले झाले. ९०० हून अधिक लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, काहींनी नसलेली तूट घरचे पैसे घालून भरली. प्रणालीत दोष होते हे हायकोर्टाने २०१९ मध्ये मान्य केलं आणि त्या शिक्षा सरसकट रद्द करायला २०२४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. आपापल्या शाखेत बसलेल्या प्रत्येकाला वाटत होतं, हे फक्त माझ्याच बाबतीत होतंय. तुमच्या मावशींनाही तसंच वाटेल. वाकडच्या बाईला बालेवाडीच्या बाईचं काय कळणार?

औंध_प्रॉडक्ट

कटू बोलतो, राग नसावा. तुम्ही नाही केलं तर दुसरं ॲप करेल, आणि तोवर सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच रोज चालू आहे, फोटोसकट. ‘या बाईपासून सावध’ अशी पोस्ट आमच्या ग्रुपवर याच महिन्यात आली. निदान ॲपमध्ये काहीतरी रचना असेल. तंत्रज्ञान कोणी थांबवून थांबलंय का?

वारजे_बॅकएंड

@औंध_प्रॉडक्ट ग्रुपवर लिहिणाऱ्याचं नाव आणि नंबर दिसतो. चार लोक विचारू शकतात, ‘कशावरून?’ आणि पोस्ट आठवड्यात वर सरकून जाते. आमची खूण ना विचारता येते ना सरकते.

पेठेतला_रेडिओलॉजिस्ट

‘तंत्रज्ञान थांबत नाही’ यावर आमच्या धंद्यातलं सांगतो, कारण मी चाळीस वर्षं सोनोग्राफीच्या मशीनसमोर बसलोय.

मशीन उत्तम. बाळाच्या मणक्यातला दोष दिसतो, वार खाली सरकली असेल तर बाई दगावण्याआधी कळतं. त्याच मशीनवर लोकांनी काय केलं ते सर्वांना ठाऊक आहे. गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य, साल १९८८. केंद्राचा कायदा १९९४ चा. आणि तरी सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. मशीन गावोगाव पोचली, कायद्याची माणसं मागून चालत होती. म्हणजे ‘आधी बाजारात आणू, नियम नंतर बघू’ याची किंमत मोजून झालेली आहे, आपल्याच राज्यात.

दुसरी गोष्ट. कोल्हापूरला जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी मशीनना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं यंत्र लावायला लावलं. प्रत्येक तपासणीची नोंद त्यात होणार. आमच्या संघटनेचे लोक खाजगीपणाचा मुद्दा घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०११ मध्ये हरले. न्यायालयाचं बरोबर की चूक यावर आमच्यात अजूनही वाद होतात (गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी कायद्याने भरायच्या फॉर्म एफमधल्या एका रिकाम्या रकान्यावरून सील झालेली मशीन मी पाहिली आहेत, तेव्हा माझं मत विचारू नका). पण लक्षात घ्या, आमच्यावर पाळत आली तेव्हा आम्ही वकील लावला आणि आमचं म्हणणं खंडपीठाने ऐकलं तरी. गेटवरच्या मावशी कुठल्या खंडपीठापुढे जाणार?

दांडेकर_पूल_०२०

माझी आई पाच घरची कामं करते, सहकारनगरला. मी बी.कॉम. करून एका ऑफिसात आहे. वाचून गप्प बसणार होते, पण काही गोष्टी तुम्हाला माहीतच नसतील म्हणून लिहिते.

एक, तुमच्या ॲपमध्ये आईचा नंबर म्हणून जो आहे तो माझ्या भावाचा आहे. ओटीपी द्यायला त्या दिवशी तोच फोन होता. म्हणजे उद्या तुम्ही खूप चांगुलपणाने ‘तुमच्यावर अशी नोंद झाली आहे’ मेसेज पाठवाल, तो भावाला जाईल, आणि तो इंग्लिशमध्ये असेल तर भाऊ तो जाहिरात समजून उडवेल. आमच्या वस्तीत बऱ्याच बायकांचं असंच आहे.

दोन, चेहरा. आईचा चेहरा गेटवर जुळतच नाही कधी कधी. पावसात डोक्यावर प्लॅस्टिक, उन्हात तोंडाला ओढणी. ती बाजूला उभी राहते, वॉचमनकाका येऊन हाताने नोंद करतात. ॲपमध्ये दिसतं सात चाळीस. मॅडम विचारतात रोज उशीर का.

तीन, आणि हे महत्त्वाचं. चोरीचं नाव कधी निघतं ते बघा. खरी चोरी झाली तर लोक पोलिसात जातात, बाईला चौकीवर बोलावतात, तेही भोगलेल्या बायका आमच्याकडे आहेत. पण नुसतं ‘चोरी’ म्हणायचं असतं ते बहुतेक वेळा दिवाळीचा बोनस मागितल्यावर, किंवा बाईने दोनशे रुपये वाढवून मागितले आणि दुसरीकडे काम धरलं त्यावर. तुमच्या यादीत ‘पगारावरून वाद झाला’ असं कारण आहे का? नसेल तर तो राग कुठल्या बटणावर निघणार?

माझी आजी १९८० च्या संपात होती. पुण्यातल्या मोलकरणींनी तेव्हा काम बंद केलं आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगार, सुट्टी, बोनस यावर बोलायचं असतं हे तिथून सुरू झालं. घरेलू कामगार मंडळाचा कायदा यायला २००८ उजाडलं. तुमच्या कंपनीने फीचर ठरवताना संघटनेतल्या एका तरी बाईला विचारलं का? चहाला बोलवा, येतील.

शनिवारातला_वकील

फुकटचा सल्ला, तेवढ्याच किमतीचा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा वाचा, कलम ८(३). ज्या माहितीवरून एखाद्या व्यक्तीबाबत निर्णय घेतला जाणार आहे, किंवा जी दुसऱ्या संस्थेला दिली जाणार आहे, ती पूर्ण आणि अचूक ठेवणं कंपनीची जबाबदारी. तुमची खूण दोन्हीत बसते. दुरुस्तीचा हक्क कलम १२ मध्ये, तक्रार निवारण १३ मध्ये. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. फाउंडर म्हणेल, ‘मग अजून वेळ आहे.’ त्याला म्हणावं, बदनामीला मुदतबिदत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आज लागू आहे. आणि खूण कोणी लावली हा कॉलम ठेवला नाहीत, तर कोर्टात उभं राहायला उरतं कोण? कंपनीच. हे वाक्य मीटिंगमध्ये शेवटी म्हणा आणि पाणी प्या.

वारजे_बॅकएंड

सगळ्यांचे आभार. बोलणं झालं. भोसरीच्या काकांचा तक्ता एका पानावर नेला होता, २७० वर बराच वेळ चर्चा झाली, आणि वकीलसाहेबांचं वाक्य खरंच चाललं.

मी मागितलं ते असं: खूण लावणाऱ्याचा फ्लॅट नोंदला जाईल. ‘चोरी’ निवडायला पोलिसांकडच्या तक्रारीचा क्रमांक लागेल. ‘पगारावरून वाद’ हे कारण यादीत येईल. मावशींना आधी मराठीत आवाजी फोन जाईल आणि त्यांचं म्हणणं नोंदीशेजारीच दिसेल. सहा महिन्यांनी खूण आपोआप जाईल. आणि एका सोसायटीची नोंद दुसरीकडे दिसणार नाही.

फ्लॅटचा कॉलम आला. तक्रार क्रमांक आला. दुसऱ्या सोसायट्यांना दाखवायचं सध्या थांबवलंय, पण ‘सध्या’च, सेल्सवाल्यांनी ते दोन मोठ्या सोसायट्यांना आधीच कबूल केलंय, त्यामुळे तो विषय परत येणार. सहा महिन्यांवर फाउंडर अडलाय. त्याचं म्हणणं, खरा चोर असेल तर सहा महिन्यांनी साधू होतो का? मी म्हटलं, खरा चोर शोधणं हे आपल्या ॲपचं काम कधीपासून झालं? यावर तो चिडला. बघू.

@दांडेकर_पूल_०२० तुमच्या नंबरच्या मुद्द्याने आमची सगळी आवाजी फोनची कल्पनाच लंगडी पडते. आता असं ठरतंय की फोनऐवजी गेटवरच्या टॅबवर, मावशी स्वतः समोर असताना, वॉचमनकाकांना ऐकू जाणार नाही अशा पद्धतीने सांगायचं. पण ते नेमकं कसं, हे आम्हा पाच इंजिनिअरांना सुचत नाहीये. शिवाय मजकूर आत्ता ‘आपणांविरुद्ध नोंद प्राप्त झाली आहे’ असा सरकारी झालाय. तुमच्या आई आणि अजून दोघी-तिघी एकदा ऐकून सांगतील का? कंपनी त्यांच्या वेळेचे पैसे देईल, ते मी लिहून घेतलंय.

दांडेकर_पूल_०२०

आईला विचारलं. रविवारी तीननंतर या, त्याआधी कोणीच मोकळी नसते. किती पैसे देणार ते आधी सांगा, असंही विचारायला सांगितलंय. आणि तो टॅब घेऊन या, तोंडाला ओढणी बांधून एकदा तुमच्यासमोर उभी राहते म्हणाली.