मदत हवी आहे: पोट सुधारलं ते वजनं उचलून की भाकरीने?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, वय 47, शाळेत शिकवते. जानेवारीत गड्ड्याची यात्रा संपली आणि घराजवळच्या जिममध्ये नाव घातलं. शुगर काठावर आली होती, जिना चढताना गुडघ्यावर हात टेकावा लागत होता. डॉक्टर म्हणाले, नुसतं चालून भागणार नाही, स्नायू वाढवा.

व्यायाम आवडला, पण पहिले दोन महिने पोटाने फार छळलं. जिमच्या सरांनी भाकरी बंद करायला लावली होती. सकाळी व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधापासूनच्या प्रथिनांच्या पावडरीचा, दोन स्कूपचा शेक, दुपारी अंडी, रात्री पनीर. पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, तीन-तीन दिवस साफ व्हायचं नाही. शेवटी शेक सोडला. ज्वारीची कडक भाकरी पुन्हा ताटात आली, सोबत मटकीची उसळ, शेंगा चटणी, ताक. भाकरी आमटीत चुरायची, मऊ होईपर्यंत थांबायचं आणि मग खायची, लहानपणापासून आमची हीच रीत. व्यायाम तोच ठेवला: स्क्वाट, लेग प्रेस, डंबेल, आठवड्यातून तीन दिवस. पंधरा दिवसांत पोट मार्गी लागलं, आणि पूर्वी कधीच नव्हतं इतकं हलकं वाटतंय. जिमच्या आधीही मी भाकरीच खात होते, तरी तेव्हा असं नव्हतं. म्हणूनच प्रश्न पडलाय.

थोडं वाचलं. आतड्यातले जिवाणू तंतुमय पदार्थ आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात, आतड्याच्या अस्तराचं पोषण त्यावर होतं. तंतू कमी आणि प्रथिनं जास्त झाली की ते प्रथिनंच आंबवायला लागतात, त्यातून अमोनिया आणि घाण वासाचे वायू तयार होतात. माझे ते दोन महिने इथे कळले.

व्यायामाचं मात्र कोडं सुटत नाही. 2018 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने 32 बैठ्या लोकांकडून सहा आठवडे व्यायाम करून घेतला. सडपातळ लोकांत ब्युटिरेट वाढलं, व्यायाम थांबवल्यावर पुन्हा उतरलं. पण तो दमसासाचा व्यायाम होता, वजनांचा नाही. 2014 च्या आयर्लंडमधल्या अभ्यासात रग्बी खेळाडूंच्या पोटात जिवाणूंची विविधता जास्त दिसली, पण त्यांचं खाणंही इतरांपेक्षा वेगळं होतं, मग श्रेय कुणाला द्यायचं? अलीकडे जर्मनीत ट्युबिंगेनच्या संशोधकांनी बैठ्या लोकांना आठ आठवडे वजनं उचलायला लावली. ज्यांची ताकद सगळ्यात जास्त वाढली, त्यांच्यात फिकॅलिबॅक्टेरियम आणि रोझबुरिया हे ब्युटिरेट बनवणारे जिवाणू वाढलेले दिसले. हे वाचून मला खरंच आनंद झाला. तरी ताकदीने जिवाणू वाढले की जिवाणूंमुळे ताकद, हा गुंता राहतोच.

मला हे नीट समजून घ्यायचंय ते सासूबाईंसाठी. वय 72, बद्धकोष्ठ जुना, रोज रात्री इसबगोल. भाकरी त्याही खातात, ताकही पितात, पण दिवसभर खुर्चीत बसून असतात. म्हणजे माझ्या आणि त्यांच्या ताटात फरक नाही, फरक वजनांचा आहे. डॉक्टरांना विचारून त्यांना खुर्चीतून उठ-बस दहा वेळा आणि दोन्ही हातांत अर्धा-अर्धा लिटर पाण्याच्या बाटल्या, एवढंच सुरू करावं म्हणते.

तर विचारायचं असं:

आहार अजिबात न बदलता फक्त वजनं उचलायला लागून कुणाचं पोट सुधारलंय का? किती आठवड्यांनी फरक कळला? मध्ये सुट्टी पडली तर पुन्हा बिघडलं का?

घरात सत्तरीच्या पुढच्या माणसांकडून असा व्यायाम कुणी करून घेतलाय का? सुरुवात कशी केली? पोट आणि ताकद सोडून झोप, भूक यांत काही बदल दिसला का? आणि इसबगोल कमी करता आलं का, की डॉक्टरांनी चालूच ठेवायला सांगितलं?

आहारतज्ज्ञ किंवा डॉक्टर कुणी वाचत असतील तर जरूर लिहा. सासूबाई सोमवारपासून सुरू करायला तयार आहेत, बाटल्या भरून ठेवल्यात.