स्टेशन आलं, त्याच्या खाली काय हवं? पुण्यातल्या प्रवासाचे आणि शेजाराचे अनुभव

वनाजवाली

नमस्कार मंडळी. मेट्रोचे वनाज–रामवाडी आणि पिंपरी–स्वारगेट असे दोन मार्ग मिळून साधारण ३३ किलोमीटर झाले. २९ सप्टेंबर २०२४ ला भुयारातून मंडई-स्वारगेटही जोडलं गेलं. त्याच्या रंगापासून तिकिटापर्यंत सगळ्यावर इथे बोलून झालंय. मला जरा वेगळं विचारायचंय.

स्टेशनपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत आता चारपर्यंत एफएसआय मिळतो, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम करता येतं. त्यामुळे पौड रस्त्याला जुन्या सोसायट्या धडाधड रीडेव्हलपमेंटला जातायत. आमच्या शेजारची तीन मजल्यांची इमारत गेल्या वर्षी पाडली. तिच्या तळमजल्यावर पिठाची गिरणी होती, पिको-फॉल करणाऱ्या ताई होत्या, सायकलचं पंक्चर काढणारे एक काका होते. पत्र्यावर आता नव्या टॉवरचं चित्र लावलंय. खालचे पाच मजले पार्किंग, बाहेरून जाळी, त्यावर वेली. मेट्रोच्या दारात राहायला येणाऱ्यांसाठी पाच मजले गाड्या! वर येणारी चारशे माणसं दळण कुठून आणणार, हे त्या चित्रात कुठेच दिसत नाही.

तर लिहा. तुमच्या स्टॉपच्या किंवा स्टेशनच्या आसपास काय आहे, काय नाही, आणि तुमच्या हातात असतं तर काय बांधलं असतं. ‘पुणेकरांना शिस्तच नाही’ हा मुद्दा इथे नको, त्यासाठी भरपूर धागे आहेत.

गल्ली नं. सात

सदाशिव पेठ. आमच्या वाड्याची इमारत झाली तेव्हा गिरणी टिकली. ती कुणा नगररचनाकाराच्या कृपेने नाही, तर गिरणीवाला जुना भाडेकरू होता आणि जागा दिल्याशिवाय हलायला तयार नव्हता म्हणून. किराणा आणि होमिओपॅथचा दवाखानाही तसाच टिकला. पेठांतल्या ज्या मिश्र वस्तीचं आज सेमिनारमध्ये कौतुक होतं, ती निम्मी भाडेकरू कायद्याने राखली आहे. हे कुणी बोलत नाही.

आई चौऱ्याऐंशीची आहे. भाजी, औषधं, बँक, देऊळ सगळं ती एकटी करते, कारण कशालाच मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही. स्वारगेटला जायचं तर पुण्यदशमची छोटी बस घेते. २०२१ मध्ये ती सुरू झाली तेव्हा दहा रुपयांत दिवसभर फिरा अशी योजना होती. मोठ्या बसच्या पायऱ्या तिला आता चढवत नाहीत.

फार गोड वाटू नये म्हणून सांगतो: जुन्या वाड्यात सात बिऱ्हाडांना दोन संडास होते, आणि गणपतीत दहा दिवस आमच्या खिडकीची काच थरथरते. तरी मी इथून हलणार नाही.

फेज थ्री

वाचून हसू आलं. आमच्याकडे उलटं. हिंजवडीत माण रस्त्याला बावीस मजल्यांचे अकरा टॉवर, आत तरणतलाव, क्लबहाऊस, जॉगिंग ट्रॅक. दुधाची पिशवी संपली तर ॲप नाहीतर स्कूटर.

खरी गंमत मागच्या गेटची आहे. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे गावठाण आहे. तिथे किराणा, न्हावी, चहा, शेअर रिक्षाचा थांबा सगळं आहे. भिंतीत लोखंडी गेट आहे आणि त्याला कुलूप आहे. सुरक्षेच्या कारणाने. पुढच्या गेटने वळसा घातला तर तेच अंतर दीड-दोन किलोमीटर होतं. कामाला येणाऱ्या मावशी सकाळी सातला भिंतीच्या कडेला जिथे तारेचं कुंपण आहे तिथून आत येतात. एक जण तार वर धरते, दुसरी वाकून पिशवी आधी सरकवते, मग स्वतः. साडीचे दोरे त्या तारेला लटकलेले असतात. वॉचमनला माहीत आहे, कमिटीला माहीत आहे, सगळे तिकडे पाहत नाहीत.

सर्वसाधारण सभेत मी गेट उघडायचा ठराव मांडला. अर्धा तास वाद झाला, ‘बाहेरचे लोक येतील’ या मुद्द्यावर पडला. म्हणजे स्वयंपाकाला येतात ते आतले आणि गेटमधून आले की बाहेरचे?

उद्या हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोने मी शहरात लवकर पोचेनही. पण त्या २३ किलोमीटरच्या आधीचा आमचा दीड किलोमीटर कोण बांधणार? माझ्या हातात असतं तर पहिला खर्च एका किल्लीचा.

वनाजवाली

@फेज थ्री, ठराव पुन्हा मांडा. या वेळी मावशींना सभेला बसवा.

रात्रपाळी

मी नर्स आहे, कुठल्या हॉस्पिटलात ते सोडा. पाळी संपते रात्री साडेनऊला. घरी जायला दोन स्टॉप सोयीचे आहेत. एक अगदी जवळ, फ्लायओव्हरच्या खांबाजवळ. छान स्टीलचा आहे, बसायला जागा आहे. दुसरा सात-आठ मिनिटं लांब, नुसता खांब आणि पाटी. मी रोज लांबच्या स्टॉपला जाते. तिथे चोवीस तासांचं मेडिकल आहे, आणि भुर्जीपावची गाडी. गाडीवाले दादा मला ओळखतात. बस यायला लागली की कढईवर झारा आपटून ‘ताई, तुमची आली’ म्हणतात. जवळच्या स्टॉपवर पाठीमागे सोसायटीची दोनशे फूट सलग भिंत आहे. एक खिडकी नाही, एक दार नाही. ओरडलं तरी ऐकणार कोण?

२०१८ मध्ये महिलांसाठी तेजस्विनी बस आली, चांगलंच झालं. पण बस महिलांची असून स्टॉप अंधारात असेल तर मला बसपर्यंत पोचवणार कोण? जून २०२५ पासून रोजचा पास सत्तर रुपये झालाय, तोही मी देते. मला एवढंच हवंय की स्टॉपच्या मागे भिंत बांधायला बंदी करा. दुकान, दवाखाना, अभ्यासिका, काहीही चालेल, फक्त रात्री दिवा लागणारं.

आणि हो, त्या गाडीला अतिक्रमणवाल्यांचा त्रास देऊ नका. रस्त्यावरचा सगळ्यात उपयोगी माणूस तोच आहे.

पहिला मजला उत्तरमुखी

माझं मत थोडं वेगळं आहे. ‘खाली दुकानं, वर घरं’ ऐकायला छान. आमच्या खाली आधी स्टेशनरी होती, नंतर झेरॉक्स. आता तंदुरी आहे. संध्याकाळी सहा ते रात्री बारा बाल्कनीचं दार बंद. एक्झॉस्टचा पंखा बरोबर आमच्या बेडरूमखाली. वाळत घातलेल्या चादरीला रोज चिकनचा वास. पार्सल न्यायला आलेल्या दहा-बारा बाइक जिन्यासमोर, त्यातून वडिलांना काठी टेकत वाट काढावी लागते. तक्रारी केल्या, फाइल फिरते आहे.

तेव्हा मिश्र वापर म्हणा, पण काय काय मिसळायचं ते आधीच लिहून ठेवा. तळणाचं हॉटेल असेल तर धुराडं गच्चीच्या वर गेलंच पाहिजे, आणि त्याची जागा नकाशातच दाखवलेली हवी. बिल्डर गाळा विकून मोकळा होतो, वास आमच्या वाट्याला.

तोक्योतली पुणेकर

@पहिला मजला, तुमच्या प्रश्नावर इकडचं सांगते. जपानमध्ये सगळ्यात शांत, बैठ्या घरांच्या भागातही घरातच छोटं दुकान किंवा ऑफिस काढता येतं, पण दुकानाची जागा साधारण ५० चौरस मीटरच्या आत हवी. म्हणजे केस कापणारे, शिवणकाम, क्लासेस हे घरोघर असतं. मोठं हॉटेल त्या गल्लीत येऊच शकत नाही, त्याला स्टेशनजवळचा पट्टा. आमच्या खाली एक आजी पावाची बेकरी चालवतात, त्यांचा सगळा पसारा आमच्या पुण्याच्या हॉलएवढा असेल.

गाड्यांचंही बघा. इथे १९६२ पासून कायदा आहे: गाडी ठेवायची जागा दाखवल्याशिवाय गाडीची नोंदणी होत नाही, आणि रस्ता ही ती जागा धरत नाहीत. आपल्याकडे इमारतीने पार्किंग द्यावं असा आग्रह, इकडे गाडी घेणाऱ्याने जागा शोधावी. आम्ही गाडी घेतलीच नाही.

आणखी एक. इथल्या खासगी रेल्वे कंपन्यांनी रुळांबरोबर वस्ती वसवली. ओसाकाच्या हांक्यूने १९१० मध्ये गाडी सुरू केली आणि मार्गावर घरं विकली, १९२९ मध्ये उमेदा टर्मिनलवर डिपार्टमेंट स्टोअर उघडलं. म्हणजे प्रवासी कुठून येणार याची सोय आधी, तिकीट नंतर. अर्थात घरं काडेपेटीएवढी, आणि सकाळच्या गर्दीत मला दादर आठवतं. सगळंच उचलून आणू नका.

नाशिकचा गोदाकाठी

आम्हाला २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात टायरवर चालणारी निओ मेट्रो मिळाली. कागदावर छान पळते. त्याच वर्षी सिटीलिंकच्या बस आल्या, त्या मात्र खरोखर रस्त्यावर आहेत. मुलगी त्यानेच कॉलेजला जाते. बाकी तुमचं चालू द्या.

खाकीतले काका

सगळं वाचलं. मी बसमध्ये कंडक्टर होतो, आता निवृत्त. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र होऊन २००७ मध्ये पीएमपीएमएल झाली, त्याच्या आधीपासून.

लोक एक प्रश्न हमखास विचारतात. अर्धा तास गाडी नाही आणि मग तीन एकदम कशा येतात? त्यात ड्रायव्हरची चहाबाजी असते असं सगळ्यांना वाटतं. खरं असं असतं: पुढची गाडी सिग्नलला पाच मिनिटं अडकली की पुढच्या स्टॉपवर माणसं जास्त साचतात. ती चढायला वेळ, तिकिटं काढायला वेळ, गाडी आणखी मागे पडते. तिच्या मागच्या गाडीला स्टॉपवर कुणी उरतच नाही, ती मोकळी पळत येऊन हिला गाठते. एकदा जोडी जमली की डेपोपर्यंत सुटत नाही. याला उपाय दोन. गाडीला अडकू न देणं, म्हणजे बसला वेगळी मार्गिका, तीच बीआरटी. आणि तिकीट चढायच्या आधी.

मार्गिकेचं पुण्याने काय केलं ते सांगतो. २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर सुरू झाली तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. पण स्टॉप रस्त्याच्या मधोमध, आणि तिथपर्यंत यायला प्रवाशाने जीव मुठीत धरून पळायचं. मार्गिकेत दुचाकी, रिक्षा, लग्नाची वरातसुद्धा पाहिली मी. वॉर्डन नसला की संपलं. नगर रस्त्यावरची तर २०२३ मध्ये काढायला घेतली. लोक म्हणतात बीआरटी फसली. माझ्या मते ती पुरती चालवलीच नाही, तुकड्या-तुकड्यात चालवली. पाण्याची पाइपलाइन मध्येच तोडून ठेवली तर नळाला पाणी कुठून येणार?

२०१७ मध्ये अकरा गावं पालिकेत घेतली, २०२१ मध्ये आणखी तेवीस. गाव पालिकेत आलं की दुसऱ्या दिवसापासून टॉवर उभे राहतात, गाडीचा फेरा मात्र शेवटी. मला विचाराल तर उलटं करा. आधी दर दहा मिनिटांनी गाडी, मग इमारतीला परवानगी.

फेज थ्री

काका, शेवटची ओळ कमिटीच्या नोटीसबोर्डवर लावतो.

पहिला मजला उत्तरमुखी

काकांशी सहमत, पण दर दहा मिनिटांनी रिकामी गाडी पळवायचा खर्च कोण देणार? तोही करच ना?

खाकीतले काका

वाढीव एफएसआयचे बिल्डर पैसे भरतोच ना, त्यातला वाटा गाडीला द्या. उड्डाणपुलाला खर्च करताना असा प्रश्न कुणी विचारलेला मी ऐकला नाही. विद्यापीठ चौकातला पूल बांधला आणि २०२० मध्ये पाडलाही, दोन्ही वेळा पैसे होते.

आर्किटेक्चर चौथं वर्ष

सगळ्यांचे अनुभव माझ्या प्रकल्पाला उपयोगी पडतायत, आभार. मी शहरातला एक जुना बस डेपो घेतलाय. जागा आधीच सार्वजनिक आहे, मेट्रो स्टेशन पाच मिनिटांवर. तळाला बस उभ्या, रस्त्याच्या बाजूने वीस-पंचवीस छोटे गाळे, मोठा एकही नाही. गिरणी, पिको-फॉल, पंक्चर यांना भाडं कमी. तळणाच्या गाळ्यांना धुराडं वरपर्यंत (धन्यवाद, पहिला मजला). त्यावर पाळणाघर आणि अभ्यासिका, त्याच्या वर नोकरदार महिलांचं वसतिगृह आणि छोटी भाड्याची घरं. खासगी गाड्यांना पार्किंग शून्य. रात्रपाळीताई, भुर्जीच्या गाडीची जागा स्टॉपच्या उजव्या हाताला, दिव्याखाली, नकाशात आखली आहे. सरांनी विचारलं हे काय, मी म्हटलं सुरक्षा यंत्रणा.

रात्रपाळी

दादांना दाखवते. पाण्याचा नळ पण द्या त्यांना.

वनाजवाली

वीस-पंचवीस गाळ्यांत पंक्चरवाले काका परवडतील अशा भाड्यात किती वर्षं टिकतील? करारात लिहायला हवं. आमच्याकडे पहिल्या नूतनीकरणालाच तिप्पट मागितले होते.

खाकीतले काका

बाळ, नकाशा बघितला. बारा मीटरची गाडी त्या कोपऱ्यात वळणार नाही, खांब मध्ये येतो. मागे घेऊन पुन्हा वळवायला लागली तर बाहेरचा रस्ता तुंबेल. आत यायचं आणि बाहेर जायचं फाटक वेगळं कर. रात्री गाड्या धुतात त्या पाण्याला गटाराचा उतार कुठे दाखवलायस? इलेक्ट्रिक गाड्यांना चार्जिंगला रात्रभर जागा अडते, ती मोज. आणि ड्रायव्हर-कंडक्टरांची आरामखोली तिसऱ्या मजल्यावर टाकली आहेस, दोन फेऱ्यांच्या मध्ये आम्हाला पंधरा मिनिटं मिळतात. ती खाली आण, संडासासकट. गाळा एखादा कमी झाला तरी चालेल.