वीस वर्षं वकिली करून पण ज्युनियर? इंग्लंडच्या बॅरिस्टरांबद्दल प्रश्न

रिकामटेकडा:
सध्या लंडनच्या कोर्टांचे निकाल वाचायचा नाद लागलाय. वरती वकिलांची नावं असतात, आधी केसीवाला आणि त्याच्या खाली एकदोन बिनकेसीचे, म्हणजे ज्युनियर. त्यातल्या एकाचं शोधलं तर गडी वीसेक वर्षं प्रॅक्टिस करतोय! हा कोर्टात बोलतो तरी का, की नुसत्या फायली पुढे सरकवतो?

रेशीमकिडा:
केसी म्हणजे किंग्ज काउन्सेल, निवडक वकिलांना मिळणारा वरचा दर्जा, राणी होती तोवर क्यूसी म्हणायचे, सप्टेंबर 2022 मधे ती गेली आणि सगळे एका दिवसात केसी झाले. जो केसी नाही तो ज्युनियर, मग केस पिकले तरी. बरेचजण रिटायर होईपर्यंत ज्युनियरच राहतात आणि काही तर मुद्दाम अर्ज करत नाहीत, कारण केसी झालं की फी वाढते आणि मधली रोजची कामं तुटतात, मोठी आली नाहीत तर बसा चेंबर्समधे (बॅरिस्टरांच्या सामायिक ऑफिसात) माश्या मारत. कोर्टात बघायचं तर केसीचा गाऊन रेशमी, जागा पुढच्या रांगेत, ज्युनियरचा साधा गाऊन आणि मागची रांग.
बोलण्याचं म्हणशील तर बहुतेक केसेस ज्युनियर एकटाच चालवतो, वर कोणी नसतं. केसी असला तर मसुदे, जुने निकाल शोधणं, स्केलेटन आर्ग्युमेंट (कोर्टाला आधी द्यायचा युक्तिवादाचा लेखी सांगाडा) हे सगळं बरंचसं ज्युनियरकडे, आणि कधीकधी एखादा साक्षीदार किंवा मुद्दा पण त्यालाच देतात.

मागचाबाक:
+1. 1977 पर्यंत तर क्यूसीने ज्युनियरशिवाय उभंच राहायचं नाही असा नियम होता, म्हणजे अशिलाला दोघांची फी! आणि सरकारच्या अवघड केसेस लढणारा ट्रेझरी डेव्हिल, तो पूर्वी ज्युनियरच असायचा बरं का, क्यूसी न होता तिथून थेट हायकोर्टाचा जज. रँक बघून माणूस जोखू नये तो असा.

रिकामटेकडा:
भारी! मग नुकता लागलेला पोरगा आणि हा वीस वर्षंवाला एकाच रँकचे?

रेशीमकिडा:
कागदावर हो. आपसात मान ‘कॉल’च्या तारखेवरून, म्हणजे लिंकन्स इन, ग्रेज इन वगैरे चार इन्सपैकी (बॅरिस्टरांच्या जुन्या संस्था) एकाने बॅरिस्टर केलं तो दिवस. पण कॉल झाला की लगेच कोर्ट नाही, आधी साधारण वर्षभर प्युपिलेज म्हणजे उमेदवारी, त्यातले पहिले सहा महिने सिनियरच्या मागे फिरायचं, पुढच्या सहात स्वतःच्या छोट्या केसेस. आणि मग चेंबर्समधे जागा मिळाली तर मिळाली, खरी मारामारी तिथे आहे, केसीचं फार पुढचं.